घास आणि भुगा

थर्माकोलचा दाणा वाळूतून वेचता येत नाही. माहीमच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी आम्ही काही जण कचरा उचलायला जातो, तेव्हा हे दर वेळी नव्याने कळतं. बाटल्या, चपला, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, निर्माल्यासकट गाठ मारून फेकलेल्या पिशव्या हे सगळं गोणीत भरता येतं. गोण्या भरल्या की किनारा स्वच्छ दिसायला लागतो. पण उकिडवं बसून पाहिलं की वाळूत पांढरे ठिपके दिसतात, दोन-तीन मिलिमीटरचे. चिमटीत धरायला जावं तर बोटाला चिकटतात, झटकावं तर वाऱ्याने पुढे पळतात. चाळण आणून वाळू चाळली, तर शिंपल्यांचा चुरा आणि दाणे एकत्रच वर राहतात. त्यांच्या जोडीला निळ्या-हिरव्या कपच्या असतात. कधीकाळी ती बादली असेल, नाहीतर बाटलीचं झाकण. आणि दोरखंडाचे धागे, ते तर कुठेही असतात.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांचा शोधनिबंध २००४ साली आला आणि त्यानंतर हा शब्द सगळीकडे रुळला. मुंबईला मात्र त्याची ओळख करून द्यायला नको. मिठी पवई-विहारकडून निघते आणि वाटेतलं सगळं घेऊन माहीमच्या खाडीत उतरते. पावसाळ्यात मोठी भरती आली की समुद्र त्यातलं बरंचसं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून, दादरच्या आणि वर्सोव्याच्या वाळूवर परत आणून टाकतो. ऊन, खारं पाणी आणि लाटांची घुसळण यांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, तडकतं, तुटतं. एका पिशवीचे हजारो तुकडे होतात. सगळे गोळा करून तागडीत टाकले, तर भरणारं वजन जवळजवळ त्या पिशवीएवढंच.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात एकदा एका मावशींच्या शेजारी बसून त्यांचं जवळा निवडणं पाहिलं होतं. ताजा, आरपार दिसणारा जवळा, डोळ्यांच्या जागी दोन काळे टिपके. डोलीच्या जाळ्याचं तोंड भलंमोठं असतं आणि शेपटीकडे भोकं अगदी बारीक होत जातात, त्यामुळे प्रवाहाबरोबर वाहत येणारं सगळंच आत अडकतं. मावशींची बोटं न थांबता चालली होती. एखादा निळा धागा, पिशवीची चिंधी, थर्माकोलचा दाणा नखाने उचलून बाजूच्या डब्यात. "मोठं प्लास्टिक बोटीवरच काढून टाकतात. हे बारीक आमच्या वाटणीला," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आणि याच्याहून बारीक असेल ते कोण निवडणार? ते पोटातच जात असणार." माणसाच्या रक्तात प्लास्टिकचे कण सापडल्याचं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२२ साली जाहीर केलं. तपासलेल्या २२ जणांपैकी १७ जणांच्या रक्तात ते होते. मावशींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांचा तर्क निवडता निवडता झाला होता.

म्हणूनच 'प्लास्टिक खाणारी अळी सापडली' ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरते तेव्हा लोकांना होणारा आनंद मला मनापासून कळतो. मलाही तो होतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. माणसाने बनवलेल्या आणि निसर्गाला पुरता अनोळखी असलेल्या पदार्थावर एखादा किडा आपल्या पद्धतीने तोड काढतोय, हे वाचून मी हरखून जाते. पण अळीने प्लास्टिक कुरतडलं एवढ्यावर माझं समाधान होत नाही. मला पुढचं हवं असतं. गिळल्यावर आत त्याचं काय झालं?

कुरतडणं तर आपल्या स्वयंपाकघरातही चालू असतं. रव्याला, बेसनाला जाळी धरते ती एका छोट्या पतंगाच्या अळीमुळे, आणि ही अळी प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून खुशाल आत शिरते. माझ्या सासूबाई असा रवा उन्हात पसरतात, चाळतात, भाजतात आणि वापरतात. पिशवीचं भोक त्यांना नवीन नाही. बीजिंगमधल्या यांग जुन यांच्या गटाने नेमक्या याच अळीच्या आतड्यातून पॉलिथीनवर वाढू शकणारे दोन जीवाणू वेगळे काढले. ते साल होतं २०१४.

जगभर गाजली ती मात्र मेणकिड्याची अळी. महाबळेश्वरकडे सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांना मेणकिडा चांगला ठाऊक आहे. पेटी कमजोर झाली की तो शिरतो, पोळ्यातून बोगदे काढत मेण खातो आणि मागे नुसतं जाळं ठेवतो. स्पेनमधल्या शास्त्रज्ञ फेडेरिका बर्तोक्किनी हौसेने मधमाश्या पाळायच्या. पेट्या साफ करताना निघालेल्या अळ्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या, आणि बघता बघता पिशवीला भोकं पडली. मग केंब्रिजच्या सहकाऱ्यांबरोबर रीतसर प्रयोग झाला. १०० अळ्यांनी १२ तासांत पिशवीचं ९२ मिलिग्रॅम प्लास्टिक संपवलं. निबंध आला २०१७ साली.

मेण खाणाऱ्यालाच पॉलिथीन का जमावं, याचं कारण रसायनात आहे. मेणातही कार्बनच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि पॉलिथीनही कार्बनची साखळीच, फक्त कितीतरी पट लांब. शिवाय त्या साखळीत ऑक्सिजनचा अणू कुठेच नाही, त्यामुळे विकराला, म्हणजे एन्झाइमला, धरायला जागा सापडत नाही. आधी ऑक्सिजन घुसवायचा, मग साखळी त्या जागी तुटते. उघड्यावर हे काम ऊन करतं, आणि त्याला महिनोन् महिने, वर्षं लागतात.

बर्तोक्किनींच्या निबंधावर लगेच आक्षेप आला, आणि तो मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. अळ्यांचा लगदा प्लास्टिकवर चोळल्यावर त्याची रासायनिक मोडतोड झाल्याच्या खुणा दिसल्या, असं मूळ निबंधात होतं. जर्मनीतल्या माइन्झच्या रसायनशास्त्रज्ञांनी डुकराचा खिमा आणि अंड्याचा बलक एकत्र करून प्लास्टिकवर चोळला, तर तशाच खुणा दिसल्या. म्हणजे त्या खुणा प्लास्टिक मोडल्याच्या नसून चिकटून राहिलेल्या प्रथिनांच्या आणि चरबीच्या असू शकतात. नववी-दहावीच्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. भोक डोळ्यांना दिसतं. रेणू तुटला की नाही, ते वेगळं सिद्ध करावं लागतं.

बर्तोक्किनींनी काम सोडलं नाही. पाच वर्षांनी, २०२२ साली, त्यांच्या गटाने दाखवलं की गुपित अळीच्या लाळेत आहे. लाळेतल्या दोन विकरांना त्यांनी शेतीच्या देवतांची नावं दिली, डेमेट्रा आणि सेरेस. साध्या खोलीच्या तापमानाला, पाण्यात, काही तासांत ही विकरं पॉलिथीनमध्ये ऑक्सिजन बसवतात. उन्हाला ज्याला महिने लागतात ते काही तासांत! साखळीचे छोटे तुकडे, कीटोनसारखी संयुगं, वेगळी होताना त्यांना सापडली. इथे भोकाच्या पुढची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू झाली.

थर्माकोलचा पुरावा याहून आधीचा, आणि माझ्या मते सगळ्यात देखणा. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. पक्ष्यांना आणि माशांना चारा म्हणून विकतात त्या पिवळ्या मिलवर्म अळ्या ते खातात. २०१५ साली यांग जुन आणि स्टॅनफर्डचे वेई-मिन वू यांच्या गटाने अळ्यांना खास बनवलेलं पॉलिस्टायरीन दिलं. त्यातल्या काही कार्बन अणूंच्या जागी थोडा जड, कार्बन-१३ घातलेला होता. धोबी कपड्याच्या कोपऱ्यावर आपली खूण घालतो, मग तो सदरा कुठल्याही गठ्ठ्यात गेला तरी ओळखू येतो, तसंच हे. तो खुणेचा कार्बन अळ्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडला आणि त्यांच्या अंगातल्या चरबीतही थोडासा सापडला. म्हणजे प्लास्टिकमधला कार्बन अळीच्या श्वासात उतरला होता. खिमा आणि बलक चोळून अशी खूण उमटवता येत नाही.

त्याच अभ्यासात अळ्यांना अँटिबायोटिक दिलं, आतड्यातले जीवाणू मारले, आणि पॉलिस्टायरीन मोडण्याची ताकद गेली. थर्माकोलच्या बाबतीत म्हणजे एकट्या अळीचं हे काम नव्हे. जबडा तिचा, कारखाना जीवाणूंचा.

क्रॉफर्ड मार्केटात पक्ष्यांचं खाणं मिळतं तिथून मीही मिलवर्म आणले. "अगं, अळ्या काढून टाकण्यात माझा जन्म गेला, आणि तू विकत आणल्यास?" असं सासूबाईंनी विचारलं, पण कोंडा त्यांनीच काढून दिला. एका डब्यात गव्हाचा कोंडा आणि दुसऱ्यात टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्माकोलचा तुकडा. ओलाव्यासाठी दोन्हीकडे गाजराच्या चकत्या. पहिले काही तास अळ्या नुसत्याच तुकड्याखाली लपून राहिल्या. मग कडेने कुरतडणं सुरू झालं. रात्री पंखा बंद करून कान लावला की बारीक, सुकी कुरकुर ऐकू येते. भिंगातून पाहिलं तर डोक्याचा तपकिरी टोप, त्याखाली आडवे उघडमीट करणारे जबडे, आणि प्रत्येक चाव्याला पांढरा दाणा फुटून उडणारा चुरा. काही चुरा तोंडात जातो, काही खाली पडतो. अळी तुकड्यात शिरते ती स्वतःच्या जाडीएवढा गोल बोगदा काढत, आणि मग तिची शेपटी तेवढी बाहेर राहते. सासूबाई आता सकाळी देवपूजा झाली की डब्यात डोकावतात.

मात्र तो खाली पडलेला चुरा माझ्या डोक्यातून जात नाही.

वाळूतल्या दाण्यांचं काय करायचं, या माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास कॅनडातला आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मिशेल त्सेंग यांच्या गटाने तोंडाला लावायच्या मास्कचे मायक्रोप्लास्टिक होईल इतके बारीक तुकडे केले, कोंड्यात मिसळले आणि मिलवर्मपुढे ठेवले. महिन्याभरात अळ्यांनी उपलब्ध कणांपैकी सुमारे निम्मे खाल्ले, एका किड्यामागे साधारण १५० कण. विष्ठेत त्यातले थोडेच सापडले. अळ्यांची वाढ आणि जगण्याचं प्रमाण यांवर वाईट परिणाम दिसला नाही. हा निबंध २०२४ सालचा. करोनानंतर मास्क किनाऱ्यावर किती वाहून यायचे हे ज्यांनी उचलले त्यांना आठवत असेल, त्यामुळे मी हा अभ्यास अधाशासारखा वाचला.

पण 'विष्ठेत थोडेच सापडले' यातून दोन शक्यता निघतात. एक, बाकीचे कण पचले. दुसरी, ते इतके बारीक झाले की मोजणाऱ्या डोळ्यांना दिसेनासे झाले. दुसरी शक्यता हवेतली नाही. अंटार्क्टिकाच्या समुद्रातला क्रिल, आपल्या जवळ्याचा लांबचा नातलग, याच्यावर ऑस्ट्रेलियातल्या अमांडा डॉसन यांचा २०१८ सालचा अभ्यास आहे. क्रिलला पॉलिथीनचे बारीक मणी दिले, तर त्याने ते पोटातल्या चक्कीत दळून मायक्रॉनच्याही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही, खाली नेले. त्याला नॅनोप्लास्टिक म्हणतात. रेणूची साखळी मोडली नाही, नुसतं पीठ झालं. घरात आढळणाऱ्या जातीतल्या रातकिड्यांवरही प्रयोग झाले, तेही खाल्लेले कण आतड्यात आणखी बारीक करून बाहेर टाकतात. म्हणजे एका किड्याच्या पोटात पचन होतं आणि दुसऱ्याच्या पोटात फक्त दळण, आणि एकाच अळीच्या पोटात दोन्ही शेजारी शेजारी चाललेलं असू शकतं. २०१५ च्या त्या देखण्या प्रयोगातही खाल्लेल्या पॉलिस्टायरीनमधला साधारण निम्मा कार्बन वायू होऊन गेला. उरलेला जवळजवळ सगळा २४ तासांच्या आत विष्ठेतून बाहेर आला. त्यातला काही अर्धवट मोडलेला होता, काही तसाच.

प्लास्टिकबरोबर त्यात घातलेली रसायनंही पोटात जातात. आग लागू नये म्हणून काही थर्माकोलमध्ये एचबीसीडी नावाचं विषारी रसायन घालत असत. स्टॅनफर्डमध्ये असं थर्माकोल अळ्यांना चारलं, तेव्हा २४ तासांत सुमारे ९० टक्के एचबीसीडी विष्ठेतून बाहेर आलं आणि ४८ तासांत जवळपास सगळं. अळीच्या अंगात ते साठलं नाही, ही चांगली बातमी. ते नाहीसं झालं नाही, हीसुद्धा बातमीच.

आता हिशोब. १०० मिलवर्म दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खातात. एक किलो थर्माकोल संपवायला त्या शंभरांना सत्तर ते ऐंशी वर्षं लागतील. दहा हजार अळ्या पाळल्या तर सुमारे नऊ महिने. मुंबई रोज सहा हजार टनांहून जास्त कचरा टाकते, त्यातलं प्लास्टिक किती ते देवनारच्या डोंगराकडे बघून कळतं. अळ्यांच्या पोटापाण्याचाही विचार हवा. क्वीन्सलंड विद्यापीठात ख्रिस रिंके यांच्या गटाने मोठ्या जातीच्या सुपरवर्मवर २०२२ साली काम केलं. थर्माकोलवर ठेवलेल्या अळ्या तगल्या, किंचित वजनही वाढलं, उपाशी ठेवलेल्यांपेक्षा त्यांची गत बरी होती. पण कोंड्यावरच्या अळ्यांसारख्या त्या धडधाकट नव्हत्या आणि त्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची विविधता घटली होती. म्हणून रिंके काय किंवा बर्तोक्किनी काय, अळ्यांच्या फौजा कचऱ्यावर सोडा असं कुणीच म्हणत नाही. त्यांना हवी आहेत ती विकरं. ती ओळखायची, प्रयोगशाळेत बनवायची, टाकीत प्लास्टिकवर घालायची आणि उरलेलं सगळं टाकीतच ठेवायचं. मला आशा वाटते ती इथे, आणि ती खूप मोठी आहे. नाहीतर मेणकिडा मोकळा सोडला तर आधी मधमाश्यांच्या पेट्या संपतील.

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत यंदा हा विषय वेगळ्याच वाटेने निघाला. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा थर्माकोलची सजावटही बंद झाली. तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठा, बांबू आणि कापड यांचं असतं. वेळ जास्त लागतो, पावसात जपावं लागतं, हात जास्त लागतात. एक काका म्हणाले, "आता अळ्या खातात म्हणे थर्माकोल. मग एवढं कशाला ताणायचं?" काका वाईट माणूस नाहीत, पूर्वी रात्र रात्र जागून त्यांनी थर्माकोलचे महाल कापलेत आणि त्या हातातली कला वाया जातेय याचं त्यांना खरंच दुःख आहे. मी त्यांना हिशोब सांगितला, दहा हजार अळ्या आणि नऊ महिने. मग थर्माकोल कापताना फरशीवर जमायचा त्या चुऱ्याची आठवण दिली. तो झाडूने कधीच गोळा व्हायचा नाही, झाडूलाच चिकटायचा, आणि शेवटी कुणीतरी पाण्याने मोरीत लोटून द्यायचं. काका म्हणाले, "हो, मीच लोटायचो." यंदा कापडाच्या कमानीचं कापकाम त्यांनी स्वतःकडे घेतलंय.

घरी थर्माकोलच्या डब्यात तळाशी आता बोटभर भुगा जमलाय. करडा, बारीक, हाताला कोरडा. कोंड्याच्या डब्यातही तसाच जमलाय, जरा तपकिरी. सासूबाईंनी विचारलं, "तुळशीला घालूया का गं? खतच ना हे?" कोंड्यावरच्या अळ्यांची विष्ठा खत म्हणून चांगली असते, म्हणून तो डबा त्यांना दिला. दुसरा दिला नाही. "का? त्यातल्या अळ्या काय वेगळ्या आहेत?" "अळ्या त्याच आहेत, आई. पण त्यातलं सगळं पचलेलं नाही." त्यांनी भुगा चिमटीत घेतला, बोटांवर चोळून पाहिला, खिडकीच्या उजेडात धरला. "पांढरं चमकतंय काहीतरी," त्या म्हणाल्या, आणि चिमूट पुन्हा डब्यात झाडून हात धुवायला गेल्या.

तो भुगा झाकणाच्या बरणीत भरून ठेवलाय. जूनमध्ये शाळा सुरू झाली की नववीच्या मुलांबरोबर तो उघडायचा. गोड्या पाण्यात पॉलिस्टायरीनचा चेपलेला कण बुडतो, पण मिठाच्या दाट पाण्यात वर येतो. तेव्हा भुगा तशा पाण्यात ढवळायचा, रात्रभर स्थिर ठेवायचा आणि वर तरंगेल ते गाळणकागदावर उचलायचं. त्यातला काही भाग गाजराच्या तंतूंचा असेल, तो मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा करावा लागेल. मग राहिलेलं वाळवून, वजन करून, अळ्यांनी संपवलेल्या थर्माकोलच्या वजनाशी ताडून पाहायचं.